बंबातले ओले सरपण आणि फडातले पाचट



ऊस विकास खात्याने आंघोळीच्या बंबावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण तोडणी झाली की फडातले पाचट भारे बांधून परड्यात येते आणि तिथून बंबात जाते, तेव्हा तो विषय आमचाच होतो. सोलर आणि गॅस गिझर आले तरी पुष्कळ वस्त्यांवर अजून बंबच पेटतो, आणि पहाटे उठून तो पेटवायचे काम बहुतेक घरी बायकांकडेच असते.

बंब फार सरपण खातो अशी तक्रार असते. बहुतेक वेळा दोष सरपणातल्या पाण्याचा असतो. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला 500 किलोकॅलरी पुरतात. आता ताजे तोडलेले लाकूड घ्या. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ते आधी उकळीपर्यंत तापणार, मग वाफ होताना किलोमागे आणखी 540 किलोकॅलरी घेणार. म्हणजे एक किलो ओलावा 600 च्या वर उष्णता घेऊन नळकांड्यातून पसार होतो. दोन किलो ओले लाकूड जाळले की एका माणसाच्या आंघोळीचे पाणी धुराबरोबर गेले म्हणा ना!

आपल्या कारखान्याच्या बॉयलरलाही हेच दुखणे आहे. मिलमधून निघालेल्या बगॅसमध्ये सुमारे 50 टक्के ओलावा असतो आणि त्याची वाफ चिमणीतून जाते. थंड देशांत घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरमध्ये मात्र ही वाफ पकडतात. गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते. तो धूर साधारण 55 अंशांच्या खाली गार केला की वाफेचे पुन्हा पाणी होऊ लागते आणि तिने नेलेली उष्णता परत मिळते. इंग्लंडमध्ये 2005 पासून नवे गॅस बॉयलर बहुतेक याच जातीचे बसवावे लागतात. बंबाला ही युक्ती लागू नाही. लाकडाच्या धुरात डांबर असते, ते गार नळकांड्यावर वाफेबरोबर बसते. ओले सरपण घातले की सुरुवातीला आतून काळे पाणी ठिबकते ते हेच. तेव्हा ओलावा सरपण बंबात जाण्याआधीच काढला पाहिजे.

लाकूड मनगटाएवढे फोडून, जमिनीपासून उचलून रचावे; वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पावसाळ्याचे सरपण मार्चमध्येच फोडलेले बरे. एक फाटा खुणेचा ठेवून दर पंधरवड्याला तागडीवर घालावा. वजन घटायचे थांबले की सरपण वाळले.

नळकांड्यातली काजळी आठवड्याला खरवडावी, तिच्यातून आच पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. विस्तव पूर्ण विझल्यावर नळकांड्यावर पत्र्याचे झाकण ठेवावे, नाहीतर आतून वारा खेळून तापलेले पाणी निवते. निखारे असताना मात्र झाकण नको, आणि बंद न्हाणीघरात बंब कधीच पेटवू नये. त्या विषारी वायूला वास नसतो. पाणी न भरता पेटवला तर डाखाचे सांधे सुटतात हे सांगायला नकोच.

राहिले पाचट. ते भडकन पेटते, आच वर निघून जाते आणि पाणी तापेपर्यंत माणूस तिथेच अडकतो. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात नत्र अर्धा टक्का धरले तरी 40 ते 50 किलो, म्हणजे युरियाच्या सुमारे दोन गोण्या झाल्या. जाळल्यावर हे नत्र हवेत जाते आणि सेंद्रिय कर्बही जातो. आमच्या मते बंबाला तुरकाठ्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडे द्यावीत आणि पाचट खोडव्याच्या सरीतच दाबावे. त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. जिवाणूंची मागणी तोडणीच्या आधीच गट ऑफिसात नोंदवावी.