संगणकाच्या मेजावरील कागद

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जून महिना उजाडला, की पेरणी आणि पाल्यांचे शाळाप्रवेश ही दोन्ही कामे गृहस्थाच्या मागे एकदमच लागतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शेत सोडून आलेल्या माणसाचा अर्धा दिवस सेवा केंद्रात केवळ ‘ती फाइल कोठे गेली’ या शोधात खर्ची पडावा, ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

संगणकाच्या पडद्याला मेजाचे रूप देऊन त्यावर कागद व फोल्डर यांची चित्रे मांडण्याची योजना झेरॉक्स कंपनीने १९८१ साली ‘स्टार’ या यंत्राबरोबर बाजारात आणली. परंतु मेज म्हटले की त्यावर पसारा आलाच! स्वयंघोषणापत्राचा कोरा नमुना रोज लागतो म्हणून तो मेजावर ठेवला जातो. मग त्याच्या चार प्रती होतात, आणि त्यांपैकी सुधारलेली कोणती, हे ठेवणाऱ्यासही सांगता येत नाही.

यावर उपाय जुन्या दफ्तरखान्यांना ठाऊक होता. तेथे कागद रुमालांत बांधलेले असत आणि कोणता कागद कोणत्या रुमालात आहे, हे यादीवरून कळे. यादी जवळ, कागद आपल्या जागी. विंडोज ९५ या प्रणालीपासून प्रचारात आलेला ‘शॉर्टकट’ म्हणजे अशा यादीतील एक ओळच होय. मूळ फाइल तिच्या फोल्डरमध्येच राहते. मेजावर येतो तो तिचा केवळ पत्ता. फाइलवर माउसचे उजवे बटण दाबून ‘सेंड टू’ व त्यातील ‘डेस्कटॉप’ निवडले, की तो तयार होतो. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसतो. ही त्याची खूण.

ही खूण न ओळखल्याने फसगत होते. बाण असलेले चित्र पुसले तर मूळ फाइलला धक्का लागत नाही; बाण नसलेले पुसले तर फाइलच कचरापेटीत जाते. याउलट, एखादा विद्यार्थी बाणाचे चित्र पेनड्राइव्हवर घेऊन अमरावतीस गेला, तर तेथील संगणकावर काहीच उघडणार नाही. घराचा पत्ता बरोबर नेला म्हणजे घर बरोबर नेले, असे थोडेच होते? मूळ फाइलची जागा बदलली तरीही जुना पत्ता पुष्कळदा निरुपयोगी ठरतो.

२०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये ‘क्विक ॲक्सेस’ नावाची सोय झाली. नेहमी लागणारे फोल्डर व नुकत्याच उघडलेल्या फाइली तीत आपोआप दिसतात. आपोआप भरलेली यादी मात्र रोज बदलते. म्हणून हवा तो फोल्डर ‘पिन’ करून तेथे कायम करणे अधिक श्रेयस्कर. एका फोल्डरात केवळ कोरे नमुने ठेवून तोच पिन केल्यास बरीचशी शोधाशोध वाचते.

सामाईक संगणकावर या सोयीची दुसरी बाजू दिसते. आधी आलेल्या अर्जदाराच्या आधारपत्राची फाइल पुढच्यास नावानिशी दिसू शकते. तेव्हा केंद्रचालकाने फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन अलीकडच्या फाइली दाखविण्याची खूण काढावी व ‘क्लिअर’ दाबावे. यादी पुसली जाते. मूळ फाइली राहतातच, आणि काम झाल्यावर त्या निराळ्या काढाव्या लागतात.