मूल उशिरा बोलते तेव्हा : स्पीच थेरपीकडून काय अपेक्षा ठेवावी?

आमचा धाकटा अडीच वर्षांचा झाला तरी मोजून आठ-दहा शब्द बोलत असे. सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "त्याचे बाबाही उशिराच बोलले, काळजी करू नकोस." मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या एक काकू म्हणाल्या, "मुलगे उशिराच बोलतात गं." आणि नर्सरीतल्या शिक्षिकेने सांगितले, "घरात दोन भाषा आहेत म्हणून तो गोंधळतो. काही दिवस फक्त इंग्रजी बोला."

तिन्ही सल्ले आपुलकीचेच होते. आम्ही तिसरा पाळला. त्याचा परिणाम असा झाला की सासूबाई नातवाशी बोलायच्याच थांबल्या. इंग्रजी त्यांना येत होते, पण घास भरवताना आणि झोपवताना लागते ते इंग्रजी येत नव्हते. मुलाचे शब्द वाढले नाहीतच, उलट त्याच्या कानांवर पडणारे बोलणे निम्मे झाले. पुढे स्पीच थेरपिस्टकडे गेलो तेव्हा ही चूक कळली. आपल्यातील इतर आईवडिलांना ती टाळता यावी म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, फक्त या वाटेने गेलेली एक आई आहे.

कधी जावे?

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो हे खरे. तरी दोन वर्षांचे मूल साधारण पन्नास शब्द बोलते व "बाबा आले", "अजून दूध" असे दोन शब्द जोडू लागते. आपल्या घरांत मोजताना मराठी व इंग्रजी दोन्ही शब्द धरावेत. बोलण्याइतकेच समजणेही पाहावे. साधी सूचना कळत नसेल, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, तर थांबू नये. आणि येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर वय कितीही असो, ताबडतोब जी. पी.कडे जावे.

काही उच्चार मात्र वयानुसार आपोआप सुधारतात. आमचा मुलगा "काका"ला "ताता" आणि "गाडी"ला "दादी" म्हणत असे. क आणि ग च्या जागी त आणि द येणे हे तीन-साडेतीन वर्षांपर्यंत अनेक मुलांत दिसते.

वाट कशी सापडते?

एन. एच. एस.ची स्पीच थेरपी मुलांसाठी विनामूल्य असते. जी. पी., हेल्थ व्हिजिटर किंवा नर्सरी आपले नाव पुढे पाठवू शकतात, आणि बऱ्याच भागांत आईवडील स्वतःही अर्ज करू शकतात. इंग्लंडमध्ये दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान हेल्थ व्हिजिटरची तपासणी होते. तेथे संकोच न करता शंका विचारावी. प्रतीक्षा यादी अनेक ठिकाणी काही महिन्यांची असते, म्हणून "अजून थोडे पाहू" म्हणण्यापेक्षा आधी यादीत नाव घालावे. मधल्या काळात मूल बोलू लागले तर नाव काढता येते.

या काळात एक काम जरूर करून घ्यावे, ते म्हणजे कानांची तपासणी. जन्मानंतरची तपासणी ठीक आली असली तरी सर्दी-पडशानंतर कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठून मुलाला कमी ऐकू येऊ शकते. याला येथे ग्लू इअर म्हणतात. लहान मुलांत ते बरेच आढळते.

पहिल्या भेटीत काय होते?

मी परीक्षेला जावे तशी गेले होते. प्रत्यक्षात थेरपिस्ट बाई जमिनीवर बसून मुलाशी खेळल्या आणि आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले : गरोदरपण, आजारपण, खाणेपिणे, घरात कोण कोणत्या भाषेत बोलते. जाताना शब्दांची यादी नेल्यास फार उपयोग होतो. मूल त्या दिवशी गप्प राहिले तरी हरकत नाही, त्यांना ते नवे नसते. घरी बोलतानाचे थोडे चित्रीकरण दाखवावे. नंतर लेखी अहवाल येतो, तो जपून ठेवावा.

पहिल्याच भेटीत निदान होईल अशी अपेक्षा ठेवू नये. उशीर, अडखळणे, उच्चारदोष व भाषाच नीट न उमगणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे.

उपचार म्हणजे काय?

येथे आमची सर्वांत मोठी गैरसमजूत दूर झाली. दर आठवड्याला मुलाला सोडायचे आणि तासाभराने बोलते करून परत न्यायचे, असे नसते. बहुधा काही ठराविक सत्रे, मग घरी सराव, मग पुन्हा पाहणी, असा क्रम असतो. लहान मुलांच्या बाबतीत खरे शिक्षण आईवडिलांचे होते. आम्हाला शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या :

- मुलाच्या उंचीवर बसून, ते ज्यात रमले आहे त्याबद्दलच बोलावे.
- "हे काय? ते काय?" ही प्रश्नांची सरबत्ती थांबवावी. मूल "गाडी" म्हणाले तर आपण "लाल गाडी", "गाडी गेली" असे एक शब्द वाढवून म्हणावे.
- चुकीचा उच्चार सुधारायला लावू नये. "दादी" म्हटले तर "हो, गाडी!" एवढेच म्हणावे.
- "दूध हवं की पाणी?" असे दोन पर्याय द्यावेत आणि मनात दहा आकडे मोजत वाट पाहावी. हे सर्वांत कठीण!

अडखळणाऱ्या मुलांसाठी लंडनमध्ये १९९३ साली मायकेल पेलिन सेंटर सुरू झाले. तेथील पद्धतीतही आईवडिलांचा सहभाग मध्यवर्ती असतो.

प्रगती सरळ रेषेत होत नाही. आमच्याकडे तीन महिने काहीच फरक नव्हता, मग एका आठवड्यात पाच शब्द आले.

मराठीचे काय?

दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. या व्यवसायाची १९४५ साली स्थापन झालेली संस्था, आजचे रॉयल कॉलेज ऑफ स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट्स, हेच सांगते : घरची भाषा सोडू नये, आणि तपासणी मुलाच्या सर्व भाषांची व्हावी. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. मूल फक्त इंग्रजीत मागे असेल तर त्याला बहुधा इंग्रजी ऐकण्याची संधी कमी मिळालेली असते. म्हणून गरज वाटल्यास मराठी दुभाषी आधीच मागावा. तसेच मराठीत व आणि डब्ल्यू यांत भेद नाही, हे थेरपिस्टला सांगावे, म्हणजे घरच्या वळणाला दोष समजले जात नाही.

शाळा आणि पैसा

शाळेत जाणाऱ्या मुलासाठी प्रथम विशेष गरजांच्या समन्वयक शिक्षकांना भेटावे. अडचण मोठी असल्यास इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानुसार ई. एच. सी. प्लॅनसाठी आईवडील स्वतः कौन्सिलकडे अर्ज करू शकतात. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

खासगी थेरपिस्ट निवडताना एच. सी. पी. सी.च्या यादीत नाव पाहावे, ही नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. तपासणी, अहवाल व प्रवास यांचे शुल्क वेगवेगळे असू शकते, ते आधी लेखी घ्यावे. विमा असल्यास असे उपचार त्यात बसतात का, हे आधी विचारावे.

मुलाला त्याच्या वयाच्या इतरांपेक्षा बरीच जास्त मदत लागत असेल तर सोळा वर्षांखालील मुलांसाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स मिळू शकतो. स्कॉटलंडमध्ये त्याऐवजी चाइल्ड डिसॅबिलिटी पेमेंट आहे. यात उत्पन्नाची अट नाही. मात्र ज्यांच्या व्हिसावर सरकारी भत्ते घेण्यास मनाई आहे त्यांनी सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नये.

थेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीच्या शेवटी आम्हाला एकच गृहपाठ दिला होता : "आजींना बोलू द्या." त्या संध्याकाळी सासूबाईंनी चार महिन्यांनी नातवाला चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही, पण गोष्ट संपल्यावर त्याने त्यांचा पदर ओढला. पुन्हा सांग, असा त्याचा अर्थ होता. बोलण्याची सुरुवात तिथूनच झाली.