जुन्या वह्या संगणकांत उतरवितांना

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या घरीं पर्जन्याच्या, पेरणीच्या व उत्पन्नाच्या जुन्या वह्या आहेत. कांहींना कसर लागली आहे, तर कांहींची शाई पुसट झाली आहे. अलीकडे घरचीं शिकलेलीं मुलें ह्या वह्या संगणकांतील डेटाबेसांत, म्हणजे रकाने पाडून ठेवलेल्या माहितीच्या कोठारांत, उतरवूं लागलीं आहेत. ही गोष्ट समाधानाची खरी; परंतु वहींतील चूक एका पानापुरती असते, आणि संगणकांतील चूक प्रत्येक बेरजेंत व प्रत्येक सरासरींत शिरते. म्हणून ह्या कामीं कोणती दक्षता घ्यावी, याचा थोडक्यांत विचार करूं.

आमच्याच हातून घडलेला एक प्रमाद प्रथम सांगणें इष्ट होय. १९४१ सालची एक पर्जन्यवही आम्हीं संगणकांत घेतली, तों त्या वर्षीं मार्चमध्यें व डिसेंबरांतही पाऊस झालेला दिसूं लागला, आणि जुलै महिना जवळजवळ कोरडा! शोध करितां असें आढळलें कीं, संगणक अमेरिकन पद्धतीनें तारखा वाचीत होता. त्या पद्धतींत महिना आधीं व दिवस मागाहून येतो. त्यामुळें ३-७-१९४१ ही तीन जुलै न राहतां सात मार्च झाली, आणि जुलैच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस बारा महिन्यांच्या सात तारखांवर विखुरला गेला. तेराव्या तारखेपासून पुढें मात्र तसा महिनाच नसल्यामुळें त्या नोंदी तारीख म्हणून न राहतां नुसतीं अक्षरें म्हणून राहिल्या व बेरजेंतून गळाल्या. ह्याच जातीचा दुसरा धोका भूमापन क्रमांकाचा. १२/१ असा हिस्सा लिहिला कीं एक्सेल त्याची तारीख करून टाकतें. आमचा नित्याचा ७/१२ देखील ह्यांतून सुटत नाहीं. एकदां असें झालें कीं मूळ आंकडा नाहींसा होतो, व रकान्याचें रूप मागाहून पालटून तो परत येत नाहीं. यास्तव माहिती घेण्यापूर्वींच असे रकाने ‘अक्षर’ म्हणून ठरवावे, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमानें लिहावी.

दुसरी दक्षता मापांची. आपल्या देशांत दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला. त्यापूर्वींच्या वह्यांत मण, शेर, इंच हींच मापें आढळतात. आतां बंगाली मण सुमारें ३७.३ किलोंचा, तर मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारें १२.७ किलोंचा. ‘ज्वारी एकरीं ८ मण’ ह्या नोंदीचा अर्थ एका मापानें २९९ किलो व दुसऱ्यानें १०२ किलो होतो. जो तरुण ह्या आंकड्यावरून जुन्या वाणाची योग्यता ठरवील, त्याचा निर्णय तिपटीनें चुकेल. पर्जन्याच्या नोंदी इंच व सेंट ह्यांत असत, आणि सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. ‘२ इंच ५ सेंट’ म्हणजे २.०५ इंच, अर्थात् ५२ मिलिमीटर, घाईनें २.५ लिहिल्यास त्याचे ६३.५ मिलिमीटर होतात. म्हणून वहींतील शब्द जसेच्या तसे एका रकान्यांत ठेवावे, आणि रूपांतर केलेला आंकडा शेजारच्या वेगळ्या रकान्यांत लिहावा. रूपांतर चुकलें तरी मूळ शाबूत राहतें.

वर्षांचेंही तसेंच. शक वर्षांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो, अशी समजूत आहे. परंतु शक १८६३ च्या माघांतील नोंद १९४२ च्या आरंभींची असते, १९४१ ची नव्हे. पर्जन्याचा दिवसही पाहून घ्यावा. सरकारी हवामानखात्याचा दिवस सकाळीं साडेआठ वाजतां संपतो, व त्या वेळीं मोजलेला मागील चोवीस तासांचा पाऊस त्याच तारखेस लिहिला जातो. घरच्या वहींत तो आदल्या दिवशीं लिहिला असेल, तर दोन्ही नोंदी एका दिवसानें सरकलेल्या दिसतील. तसेंच ‘पाऊस नाहीं’ आणि ‘नोंद नाहीं’ ह्यांतील भेद जपावा. रिकाम्या जागीं शून्य भरल्यास सरासरी विनाकारण खालीं येते.

आतां आधाराविषयीं. कोणताही आंकडा कोठून आला हें त्याच ओळींत लिहिलेलें असावें: वही कोणाची, पान कोणतें, नोंद कोणी व केव्हां केली, संगणकांत कोणी उतरविली. लिहिणाऱ्यानें स्वतः मोजलें, कीं शेजाऱ्याकडून ऐकलें, हाही भेद नोंदवावा. एका अहवालांतील आंकडा दुसऱ्या पुस्तकांत उतरला, तर ते दोन साक्षीदार होत नाहींत, साक्षीदार एकच. वाणांचीं नांवेंही मूळ लेखनाप्रमाणें ठेवावीं. ‘मालदांडी’, ‘मालदांडी ३५-१’ व ‘एम ३५-१’ अशीं नांवें आलीं, तर शेवटचीं दोन मोहोळच्या निवडीचीं आहेत. नुसतें ‘मालदांडी’ मात्र मूळ गांवठी वाणाचेंही नांव असूं शकतें. सर्वांस एकच नांव देऊन टाकल्यास हा भेद कायमचा बुजतो.

शेवटीं पडताळा. वहींतील ओळी व संगणकांतील ओळी मोजून जुळवाव्या. पानाखालील बेरीज नव्या बेरजेशीं ताडावी. आणि दर दहावी नोंद मूळ वहीशीं दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी. हें काम क्षुल्लक नव्हे. २०२० सालीं इंग्लंडांत करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढें गेल्या नाहींत. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलींत ६५,५३६ पेक्षां अधिक ओळी मावत नाहींत, व उरलेल्या ओळी गळल्याचें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. ओळी मोजल्या असत्या तर तें त्याच दिवशीं उघड झालें असतें.

काम पुरें झालें म्हणून जुनी वही रद्दींत घालूं नये, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे. तिचीं छायाचित्रें घ्यावीं, कोरड्या जागीं ती बांधून ठेवावी, व तिचा ठाव डेटाबेसांतच लिहून ठेवावा. पुढें एखाद्या आंकड्याविषयीं शंका निघाल्यास उत्तर देणारी तीच एक आहे. आपल्या वडिलांनीं पावसांत उभें राहून मोजलेला पाऊस आपल्या एका चुकीनें खोटा ठरूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.