मातृभाषेतील मोबाईल : एका प्रणालीची घडण

मोबाईल घेताना आपण किंमत, कॅमेरा व बॅटरी पाहतो. परंतु ही सर्व यंत्रणा ज्या आज्ञावलीच्या बळावर चालते, तिचा विचार सहसा होत नाही. या आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली म्हणतात.

गुगलची अँड्रॉईड प्रणाली २००८ साली बाजारात आली. तिचा मूळ भाग सर्वांसाठी खुला आहे. पाया व खांब तयार मिळावेत आणि भिंती, दारे, रंगरंगोटी आपण करावी, तसे येथे घडते. प्रथम चिप बनविणारी कंपनी ही प्रणाली आपल्या चिपवर चालती करते. त्यानंतर फोन कंपनी तीत पडद्याची मांडणी, कळफलक व स्वतःची अ‍ॅप्स घालते. शाओमीची एमआययूआय (२०१०) ही अशीच प्रणाली होय.

महाराष्ट्रातही असा प्रयत्न झाला. मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी राकेश देशमुख व त्यांचे सहकारी यांनी ‘इंडस ओएस’ घडविली. २०१५ साली ती मायक्रोमॅक्सच्या ‘युनाइट ३’ या फोनवर आली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषा होत्या. इंग्रजी संदेशावर बोट फिरविताच तो आपल्या भाषेत दिसे. बँकेचा संदेश दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला, तर आपला गुप्त क्रमांकही त्याच्या हाती जातो. म्हणून ही सोय केवळ हौसेची नव्हती.

पुढे चिनी कंपन्यांनी बाजार व्यापला व देशी फोन मागे पडले. ज्या फोनांच्या आधारावर ही प्रणाली उभी होती, तेच कमी झाले. कंपनी अ‍ॅप्सच्या दुकानाकडे वळली. ती फोनपेने घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बारा भारतीय भाषांतील ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’ सुरू झाले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आज अँड्रॉईडमध्येच मराठी उपलब्ध आहे. भूगावातील प्रत्येक घरातील शिकत्या मुलाने ‘सेटिंग्ज’मधील ‘भाषा’ या सदरात जाऊन आजी-आजोबांचा फोन मराठीत करून द्यावा. दुसरे असे की, सुरक्षेच्या सुधारणा फोनपर्यंत पोहोचविणे बहुतांशी फोन कंपनीच्याच हाती असते. त्या किती वर्षे मिळणार, हे दुकानदारास विचारूनच फोन घ्यावा. सुधारणा थांबलेला फोन चालतो खरा, पण त्याच्या दाराची कडी सैल झालेली असते.