दृष्टी हिरावणारे मंत्र

राक्षस, चेटूक आणि तलवारींच्या दुनियेत घडणाऱ्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये शत्रूची दृष्टी घालवणारा मंत्र जवळजवळ हमखास असतो. कधी तो एकाच शत्रूला आंधळे करतो, कधी रणांगणाच्या एका भागावर धुके किंवा काळोख पसरवतो. आगीचा गोळा फेकला की शत्रूचे किती नुकसान झाले ते त्याच क्षणी आकड्यात दिसते. आंधळेपणाने कोणाला ओरखडाही उठत नाही. त्याचा परिणाम पुढच्या वारांमध्ये हळूहळू वसूल होतो. नवखे खेळाडू हे मंत्र बाजूला ठेवतात ते यामुळेच.

सर्वांत साधी पद्धत १९८७ साली सुरू झालेल्या ‘फायनल फँटसी’ या जपानी मालिकेत दिसते. आंधळ्या झालेल्या पात्राचे तलवारीचे वार चुकू लागतात, त्याच्या मंत्रांना मात्र सहसा धक्का लागत नाही. साहजिकच हा मंत्र योद्ध्यावर टाकावा, जादूगारावर नव्हे. त्यावर डोळ्यांत घालायच्या थेंबांचा स्वस्त उतारा मिळतो आणि बड्या शत्रूंवर तो बहुधा चालतच नाही. १९९४ च्या सहाव्या भागात तर प्रोग्रॅममधील चुकीमुळे आंधळेपणाचा वारांवर काहीच परिणाम होत नसे. स्ट्रॅगो नावाच्या पात्राला शत्रूची विद्या पाहून शिकता येत नसे, एवढाच काय तो फरक. ही चूक पुढे गेम बॉय अॅडव्हान्सच्या आवृत्तीत सुधारली गेली. नेम थोडा कमी करणे एवढ्यावरच मंत्राचे काम संपत असेल, तर तो असला काय नि नसला काय, सारखेच.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या परंपरेत आंधळेपणाला खरे वजन आले. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये आंधळ्या शत्रूची नजर पोहोचण्याचे अंतरच आक्रसते. दुरून बाण मारणारा त्याला दिसत नाही, त्यामुळे तो उलटा चालूनही येत नाही. लॅरियन स्टुडिओजच्या ‘बाल्डर्स गेट ३’ने (२०२३) याच खेळाचे पाचव्या आवृत्तीचे नियम घेतले. त्यांत आंधळ्याला दुहेरी फटका बसतो. प्रत्येक वाराला वीस बाजूंचा फासा पडतो. आंधळ्याने वार केला की दोन फासे टाकून लहान आकडा धरतात. त्याच्यावर वार झाला की मोठा. एरवी ११ किंवा अधिक आकड्यावर वार लागतो असे धरले, तर लागण्याची शक्यता ५० टक्के असते. आंधळ्याच्या वाराची ती २५ टक्क्यांवर येते आणि त्याच्यावरच्या वाराची ७५ टक्क्यांवर जाते. शिवाय या गेममध्ये आंधळ्याचे बाण आणि मंत्र जेमतेम तीन मीटर पोहोचतात. तिरंदाज आणि जादूगार दोघेही त्यामुळे अडून बसतात.

एका शत्रूला आंधळे करण्यापेक्षा जागाच अंधारी करण्यात जास्त डावपेच आहेत. ‘डार्कनेस’ या मंत्राने काळा ढग उभा राहतो. त्याच्या आत किंवा बाहेर दुरून मारा करता येत नाही आणि आत शिरेल तो आंधळा होतो. वॉरलॉक या वर्गातल्या पात्राने ‘डेव्हिल्स साइट’ ही सिद्धी घेतली असेल, तर त्याला या काळोखातही दिसते. असा वॉरलॉक दारात ढग पाडून तलवार घेऊन आत उभा राहिला की गॉब्लिन तिरंदाजांना नेम धरता येत नाही. त्यांना एकतर जागेवर थांबावे लागते किंवा ढगात शिरावे लागते; शिरलेल्याचे वार चुकतात आणि वॉरलॉकचे लागतात. संपूर्ण गेममधल्या सर्वांत सुंदर डावांपैकी हा एक. त्याची किंमतही आहे. सिद्धी नसलेले साथीदारही त्या ढगात आंधळेच होतात, तेव्हा त्यांना बाहेर ठेवूनच लढाई आखावी लागते.

‘फॉग क्लाउड’चे धुके मात्र वॉरलॉकलाही भेदता येत नाही. धुक्यात समोरासमोर आलेले दोघेही आंधळे असल्याने एकाचा तोटा दुसऱ्याच्या तोट्याने फिटतो आणि वार नेहमीसारखे पडतात. हल्ल्यापेक्षा माघारीसाठी हा मंत्र अधिक कामाचा, कारण दुरून होणारा मारा तो थोपवतो.

काळोख आणि धुके दोन्ही टिकवायला मंत्र टाकणाऱ्याची एकाग्रता लागते. त्याला मार बसला की फाशाची परीक्षा होते आणि तीत तो हरला तर ढग तिथेच विरतो. म्हणून चाणाक्ष खेळाडू आधी ढग पाडणाऱ्यालाच गाठतो. ‘डेलाइट’चा उजेड काळोख घालवतो, ‘गस्ट ऑफ विंड’चा वारा धुके उडवतो. एकाच शत्रूवर टाकायच्या ‘ब्लाइंडनेस’ला एकाग्रता लागत नाही. पण तिथे शत्रूला दर पाळीच्या शेवटी शरीरबळावर सुटण्याची संधी मिळते. धिप्पाड राक्षसापेक्षा किरकोळ अंगाच्या जादूगारावर तो अधिक टिकतो तो यामुळे. मूळ नियमांत जेलीसारख्या लिबलिबीत प्राण्यांना डोळेच नसतात. ते भोवतालची चाहूल अन्य इंद्रियांनी घेतात आणि त्यांच्यावर आंधळेपणाचा कोणताच मंत्र लागू पडत नाही.