मोडेम, तीन अधिक चिन्हे आणि एक सेकंद

संगणकाची माहिती टेलिफोनच्या तारेवरून जाईल अशा आवाजात बदलणारे यंत्र म्हणजे मोडेम. पण नंबर लाव, फोन ठेव, हे त्याला सांगायचे कसे? सुरुवातीच्या काळात अनेकदा माणूसच हाताने नंबर फिरवी. अमेरिकेतील डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९८१ मध्ये 'स्मार्टमोडेम' आणला आणि हे काम संगणकावर सोपवले. सेकंदाला ३०० बिट एवढाच वेग असलेल्या या मोडेमला साध्या अक्षरांत आज्ञा देता येत. सुरुवात 'एटी'ने, म्हणजे 'अटेन्शन', लक्ष दे! पुढे 'डी' आणि नंबर लिहिला की फोन लागे, 'ए' लिहिले की उचलला जाई, 'एच' लिहिले की ठेवला जाई. काम झाले की उत्तर येई, 'ओके'.

अडचण वेगळीच होती. संगणकाकडून मोडेमकडे मजकूर आणि आज्ञा एकाच केबलमधून येत. मग यातली आज्ञा कोणती? त्यावर उपाय निघाला तो शांततेचा. एक सेकंद काहीच पाठवायचे नाही, मग लागोपाठ तीन अधिक चिन्हे, पुन्हा एक सेकंद शांतता. तेव्हाच मोडेम पुढचे शब्द आज्ञा मानी. सलग मजकुरात असा योग जवळजवळ येतच नाही.

या युक्तीचे पेटंट हेज कंपनीकडे होते. त्यामुळे काही उत्पादकांनी शांततेची अट गाळली. १९९०च्या दशकात त्याचा फटका वापरणाऱ्यांना बसला. तीन अधिक चिन्हे आणि फोन ठेवण्याची आज्ञा असलेला छोटा संदेश कोणीही इंटरनेटवरून पाठवावा. समोरच्या संगणकाने तो नियमाप्रमाणे जसाच्या तसा परत पाठवावा. आणि त्याच्याच मोडेमने ती आज्ञा समजून संपर्क तोडावा!

'एटी'ची भाषा आजही जिवंत आहे. एसएमएसवर चालणाऱ्या जीएसएम उपकरणांतील मोडेमला ती कळते, आपल्या मोबाइललाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात ११ कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा सुमारे ३,५०० आज्ञा सापडल्या. काही फोन यूएसबी केबलमधून आलेल्या आज्ञाही पाळत होते. म्हणून अनोळखी यूएसबी पोर्टपेक्षा स्वतःचा चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावलेला बरा. आज्ञा कोण देतो आहे, हे यंत्राने विचारले नाही, तर ती काळजी आपणच घ्यायला हवी.