घरच्या स्विमिंग पूलसाठी काय घ्यायचं? फिल्टर, क्लोरीन, सॉल्ट सिस्टीम की रोबोट?

लोणावळा, कर्जत, अलिबागकडे फार्महाऊस म्हटलं की पूल आलाच. आता काही बंगल्यांच्या अंगणातही छोटे पूल दिसतात. मोबाईलवर ‘पूल क्लीनर’ सर्च केलं की रोबोट, यूव्ही, ओझोन असं बरंच काही समोर येतं. यातलं नक्की गरजेचं काय? चला, सोप्या भाषेत समजून घेऊ.

स्वच्छ दिसणं वेगळं, सुरक्षित असणं वेगळं

पूलमध्ये दोन वेगळी कामं असतात. पहिलं, पाला, माती, केस काढणं. हे फिल्टर, जाळी आणि ब्रश करतात. दुसरं, जंतू मारणं. हे काम क्लोरीनचं. तळ दिसेल इतकं नितळ पाणीसुद्धा पोट बिघडवू शकतं, कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून एकाच मशीनवर दोन्ही कामं सोडू नका.

आधी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा

लांबी × रुंदी × सरासरी खोली (सगळं मीटरमध्ये) × 1000 = लिटर. समजा पूल 6 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल आहे. म्हणजे 21,600 लिटर पाणी. पंप आणि औषधं, दोन्हींचा हिशोब याच आकड्यावर होतो.

पंप आणि फिल्टर

सगळं पाणी साधारण 6 ते 8 तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. आपल्या पूलला 6 तासांसाठी ताशी 3,600 लिटरचा प्रवाह लागेल. फिल्टरचे दोन प्रकार घरी जास्त वापरले जातात:

• सँड फिल्टर: टाकीत वाळू असते. देखभाल सोपी. प्रेशर गेजचा काटा नेहमीपेक्षा 8 ते 10 पीएसआय वर गेला की पाणी उलटं फिरवून वाळू धुवायची. यात पाणी बरंच जातं.
• कार्ट्रिज फिल्टर: जास्त बारीक कण अडवतो आणि पाणी कमी वाया जातं. पण कार्ट्रिज काढून हाताने धुवावं लागतं.

टँकरचं पाणी विकत घेत असाल तर कार्ट्रिजचा विचार नक्की करा.

क्लोरीन कोणत्या रूपात?

पाण्यात फ्री क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.6 ठेवायचा. 1 पीपीएम म्हणजे एका लिटरमागे 1 मिलिग्रॅम. पीएच 8 च्या पुढे गेला की क्लोरीन असूनही त्याची जंतू मारायची ताकद खूप कमी होते. म्हणून फक्त क्लोरीन वाढवत बसू नका, आधी पीएच बघा.

• पावडर: 65 टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइट घेतलं, तर आपल्या पूलमध्ये 1 पीपीएम वाढवायला सुमारे 33 ग्रॅम लागतं.
• ट्रायक्लोर गोळ्या: हळूहळू विरघळतात. यातला स्टॅबिलायझर उन्हात क्लोरीन टिकवतो, पण तो पाण्यात साचत जातो. फार वाढला तर थोडं पाणी बदलावं लागतं.
• सॉल्ट सिस्टीम: मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन तयार होतो. म्हणजे हा पूल ‘क्लोरीन-फ्री’ नसतोच! आपल्या उदाहरणात सुरुवातीला साधारण 75 किलो मीठ लागेल. बोअरचं जड पाणी असेल तर सेलवर पांढरा थर बसतो, तो वेळोवेळी काढावा लागतो.

यूव्ही आणि ओझोन चांगले आहेत, पण त्यांचा परिणाम मशीनमधून पाणी जातं तेवढ्यापुरताच. पूलमध्ये मूल उतरलं की नव्याने येणाऱ्या जंतूंसाठी पाण्यात क्लोरीन लागतोच.

रोबोट घ्यावा का?

रोबोट तळ आणि भिंती घासतो, कचरा गोळा करतो. ॲपवरून टायमर लावता येतो. मजा आहे! पण तो जंतू मारत नाही. छोट्या पूलला लांब दांड्याचा ब्रश, जाळी आणि हाताने चालवायचा व्हॅक्यूम पुरतो. बजेट उरलं तर रोबोट.

टेस्ट किट विसरू नका

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. स्ट्रिप झटपट अंदाज देते, थेंबांचं किट जास्त नेमकं सांगतं. स्ट्रिपचा फोटो काढून आकडा सांगणारी ॲप्स आहेत, पण कमी-जास्त उजेडात कॅमेऱ्याला रंग वेगळा दिसू शकतो. रीडिंग मात्र फोनमध्ये तारखेसह लिहून ठेवा.

आणि हो, डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला की ‘क्लोरीन जास्त झाला’ असं आपण म्हणतो. बऱ्याचदा उलट असतं. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, वास त्यांचा असतो. म्हणून पूलमध्ये उतरण्याआधी अंघोळ करा. जुलाब होत असतील तर पाण्यात उतरूच नका. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही काही दिवस जिवंत राहतो.

हे चुकूनही करू नका

• ॲसिड आणि क्लोरीन एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.
• ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट मिसळू नका, एकच डबा किंवा चमचाही वापरू नका. आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो.
• औषध नेहमी पाण्यात टाका, औषधावर पाणी ओतू नका.
• पंपाच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

थोडक्यात, खरेदीचा क्रम असा ठेवा: योग्य पंप-फिल्टर, टेस्ट किट, क्लोरीन, ब्रश-जाळी. सॉल्ट सिस्टीम, यूव्ही आणि रोबोट त्यानंतर. ॲप आठवण करून देईल, पण पाणी तपासायचं काम तुमचंच!